एकीला लिहिलं, सगळ्यांना गेलं

लोकरीच्या दुकानातल्या ताईला कुणी विचारलं, "काय ताई, बरं आहे ना?" की ताई म्हणायची, "मला काय धाड भरलीय!" आणि म्हणता म्हणता तिची नजर डावीकडे जायची. डावीकडे प्लायवूडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे तिच्या धाकट्या बहिणीचं साबणाचं दुकान. ताईला धाड भरली नव्हती हे खरंच. ताईच्या पोटात दुखत होतं, आणि ज्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही त्यातलं ते दुखणं होतं. उगाच आडवळणानं कशाला बोला, ताई बहिणीवर जळत होती. चांगली धडधडीत जळत होती.

गाळा मुळात एकच, वडिलांचा. उजवीकडे ते लोकर, सुया, बटणं विकायचे आणि डावीकडे लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. आई लवकर गेली. ताई तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि धाकटी अजून बोबडं बोलायची. ताईनं धाकटीच्या वेण्या घातल्या, तिचा अभ्यास घेतला, आणि स्वतःची शाळा संपली तशी वडिलांच्या शेजारी लोकरीचे गुंडे करायला बसली ती बसलीच. धाकटी मात्र शिकली. तिचा आवाज लहानपणापासून बारीक, म्हणून सगळे तिला चिमी म्हणायचे. शिकून चिमी दुसऱ्या गावी एका मोठ्या कंपनीत लागली. तिथं तिचं काम काय, तर कंपनीच्या गिऱ्हाइकांना इमेल पाठवणं. ताईला हसू आवरेना. "पत्रं टाकायला पगार देतात होय? पोस्टमन म्हण की सरळ!"

पुढे वडील गेले आणि ही पोस्टमन नोकरी सोडून परत आली. डावीकडच्या अर्ध्या भागात तिनं हातानं केलेले साबण मांडले, साबणांना लोकरीचे तंतू चिकटू नयेत म्हणून मधे प्लायवूड ठोकून घेतलं, आणि गल्ल्याजवळ एक पाटी ठेवली: दर शुक्रवारी माझं पत्र हवं असेल तर इथं आपला इमेल लिहा. लोकांनी लिहिला. का लिहिला हे ताईला आजतागायत कळलेलं नाही. साबण घ्यायला आलेला माणूस साबण घेऊन गेला की संपलं, त्याला आणखी पत्र कशाला हवं? पण हवं होतं खरं. शुक्रवार उजाडला की सगळी गल्ली चिमीचं पत्र वाचायची. बँकेतली कॅशियर ताईला पैसे मोजून देता देता म्हणायची, "काल तुमच्या बहिणीचं पत्र वाचून मी इथं खिडकीत एकटीच हसत बसले हो." दातांच्या डॉक्टरांची बायको म्हणायची, "किती गोड लिहिते! अगदी समोर बसून बोलल्यासारखं." गोड! हा शब्द ऐकला की ताईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि कहर म्हणजे घरी नवरा. एरवी जेवताना तोंडातून शब्द न काढणारा माणूस, शुक्रवारी ताटाशेजारी फोन ठेवून खुदुखुदु हसायचा. "चिमी म्हणजे ना!" एवढंच म्हणायचा. "घास गिळा आधी," ताई म्हणायची.

ती स्वतः सांगायची, असलं वाचायला मला कुठं वेळ आहे. पण शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती फडताळामागं जायची आणि पत्र वरपासून खालपर्यंत दोनदा वाचायची. एकदा राग यावा म्हणून आणि दुसऱ्यांदा, काय सांगायचं, चांगलं असायचं म्हणून. ते चांगलं असायचं हाच तर सगळा घोळ होता.

अशात एके दिवशी चिमी ताईच्या दुकानात आली आणि काउंटरला रेलून म्हणाली, "ताई, ही भिंत काढूया का गं? एकच दुकान करू. लोकर, साबण, सगळं एकत्र. माझी यादी आहेच, तुझंही त्यात घालू."

ताईच्या कानात शेवटचं तेवढं राहिलं. माझी यादी आहेच. तुझंही त्यात घालू. म्हणजे भाजीत चिमूटभर मीठ घालतात तसं! भिंत गेली की आपल्या दारावरची पाटी जाणार, पाटी गेली की वडिलांच्या वेळेपासूनचं लोकरीचं दुकान म्हणजे साबणवालीच्या दुकानातला एक कोपरा होणार, आणि त्या कोपऱ्यात बसलेली बाई म्हणजे चिमीची कुणीतरी बहीण. "बघू," ताई म्हणाली, "उन्हाळा संपू दे. मग सांगते." चिमी बरं म्हणून गेली आणि ताईनं तिथल्या तिथं मनाशी गाठ मारली. आपली स्वतःची यादी करायची. चिमीएवढी करायची, जमल्यास कांकणभर मोठीच. आणि मग तिच्या तोंडावर सांगायचं, आमचं आम्ही बघतो, भिंत राहू दे.

समोरच्या झेरॉक्सवाल्याला कॉम्प्युटरमधलं कळायचं. पिकल्या मिशांचा, सदा वैतागलेला माणूस. त्यानं ताईच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्रं पाठवायची सोय करून दिली, मराठी कसं लिहायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "आता नावं आणा." ताईला वाटलं, एवढंच ना? तिनं इमारतीच्या सूचनाफलकावरचे सगळ्यांचे पत्ते उतरवून घेतले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांचे घेतले. दातांच्या डॉक्टरांच्या कार्डावरचा घेतला, प्लंबरच्या बिलावरचा घेतला, एवढंच काय, वीज खात्याच्या पावतीवर छापलेला तक्रारीचा पत्तासुद्धा सोडला नाही. आणि सगळ्यांना दणदणीत पहिलं पत्र पाठवलं: 'सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की आमचेकडे उत्तम प्रतीची लोकर रास्त दरात उपलब्ध आहे. आपली विश्वासू.'

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाला कपाळाला हात लावून दारात उभा. अर्धे मेल परत आले होते, बरेचसे कचऱ्यात गेले होते, दातांच्या डॉक्टरांनी 'मला काढा' असं लिहिलं होतं, आणि वीज खात्यानं ताईची तक्रार नोंदवून घेतली होती.

"अहो, विचारलं होतंत का त्यांना?" झेरॉक्सवाला म्हणाला.

"लोकर घ्या म्हणायला विचारायचं काय?"

"उद्या तुमच्या घरात कुणी न विचारता घुसून साबण विकायला लागलं तर?"

साबणाचं उदाहरण त्यानं मुद्दाम दिलं की सहज, देव जाणे, पण ताईला ते बरोब्बर लागलं. तिनं सगळी नावं पुसली आणि विचारून विचारून नव्यानं सुरुवात केली. ते काम म्हणजे डोक्याला ताप. इमेल सांगा म्हटलं की कुणी फोन नंबर सांगायचं, कुणी म्हणायचं, माझं सगळं मुलगा बघतो. एक बाई तर पत्ता सांगताना प्रत्येक अक्षराला नातेवाईक जोडायच्या, "'स' म्हणजे आमची सासू, 'न' म्हणजे नणंद," आणि ताईनं तो पत्ता लिहून पाठवलेला मेल कुठल्या सासूकडे गेला कोण जाणे. शेवटी ताईनं एक शक्कल काढली. तान्ह्या बाळाच्या पायमोज्यांचा एक नमुना तिच्या हातचा फार सुरेख होता, टाके कुठं घालायचे, कुठं कमी करायचे, सगळं तिनं एका कागदावर नीट लिहिलं आणि पाटी लावली: इमेल द्या, नमुना फुकट घरपोच. हे मात्र चाललं. आज्या आल्या, होऊ घातलेल्या आया आल्या, वेळ जात नाही म्हणून विणकाम शिकलेले एक निवृत्त मास्तरही आले. यादी हळूहळू वाढायला लागली. आणि यादीत सगळ्यांत पहिलं नाव कुणाचं पडलं असेल? चिमीचं. पाटी लागली त्याच सकाळी ती येऊन लिहून गेली होती.

यादी झाली, पण पत्रं काही कुणी वाचेना. ताई लिहायची ते सगळं 'कळविण्यात येते' आणि 'उपलब्ध आहे'. झेरॉक्सवाल्यानं तिला कॉम्प्युटरवर एक पान दाखवलं होतं, त्यात कुणी मेल उघडला, कितीदा उघडला, सगळं दिसायचं. झालं, ताईला त्याचा नादच लागला. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी एक डोळा त्या पानावर. आणि तिथं तिला दर वेळी एकच दिसायचं. मेल गेला की पहिल्यांदा उघडायची चिमी, मग पुन्हा उघडायची, संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाकीचे एकदा उघडायला तयार नाहीत आणि ही चार चार वेळा!

"पाळत ठेवते माझ्यावर," ताई झेरॉक्सवाल्याला म्हणाली. "मी काय लिहिते, कशी फसते, बघायला हवं ना तिला. हसत असेल."

"वाचत असेल हो," तो म्हणाला.

"त्यात वाचण्यासारखं काय आहे?" ताई म्हणाली, आणि हे आपण स्वतःच्याच पत्राबद्दल बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं चिमीच्या नावावर बोट ठेवलं आणि काढून टाकलं. फार बरं वाटलं तिला. दिवसभर ती गुणगुणत होती.

त्या बरं वाटण्याला शुक्रवारनं दृष्ट लावली. दुपारी फडताळामागं उभी राहून ताईनं चिमीचं पत्र उघडलं, आणि दुसऱ्याच ओळीला तिच्या पायाखालची जमीन सरकली. चिमीनं लिहिलं होतं: 'माझ्या आईकडे एकच लाल स्वेटर होता. एका थंडीत तिनं तो बसून सगळा उसवला आणि त्याच लोकरीचा माझ्यासाठी विणला. स्वतः सगळी थंडी शाल लपेटून काढली.'

माझ्यासाठी! तो स्वेटर ताईचा होता. चिमी तेव्हा जन्मालासुद्धा आली नव्हती. ताई आईसमोर दोन्ही हात ताठ धरून बसली होती, आई उसवत होती आणि उसवलेली लोकर ताईच्या हातांवर लपेटत होती, आणि हात दुखले तरी ताईनं खाली घेतले नव्हते. चिमीला तो मिळाला कितीतरी वर्षांनी, कोपरं झिजलेला, ताईला लहान झाल्यावर. गिऱ्हाइकं नेलीस, कौतुक नेलंस, नवऱ्याचं हसू नेलंस, ते सगळं गिळलं मी. पण आई? तिच्यावरही तुझी पाटी लावलीस?

शटर अर्धं ओढून ताई कॉम्प्युटरसमोर बसली. हे कुणाला पाठवायचं असं तिच्या डोक्यात नव्हतं. पोटातलं बाहेर काढायचं होतं, आणि मराठी लिहायला तिला येत होतं ते यादीला पत्रं पाठवायच्या त्या चौकटीतच, दुसरीकडे कसं लिहायचं ते झेरॉक्सवाल्यानं दाखवलंच नव्हतं. ती धाडधाड लिहीत सुटली. 'कळविण्यात येते' त्यात कुठंही नव्हतं.

'आज सांगूनच टाकते. पोटात ठेवून ठेवून कंटाळले. तू आलीस आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मी इथं इतकी वर्षं बसले आहे ती कुणाला दिसत नाही. रोज माझ्या दारावरून जातेस, कधी आत येऊन दोन मिनिटं बसलीस? कधी विचारलंस, ताई, जेवलीस का? काही हवं असलं की बरी आठवते मी. सगळे म्हणतात गोड. गोड कसली, चोर आहेस तू. तो लाल स्वेटर माझा होता. माझ्या मापाचा होता. तुला फक्त उतरलेला मिळाला, आणि मिरवतेस मात्र अशी की जणू तुझ्यासाठीच विणला. मला तुझा राग येतो. तुझं सगळं चांगलं होतं याचा जास्त येतो.'

झेरॉक्सवाल्यानं शिकवलं होतं, आधी चाचणीचं बटण दाबून पत्र स्वतःला पाठवायचं आणि फोनवर नीट वाचून बघायचं. ताईला तेच करायचं होतं, घरी जाऊन एकटीनं वाचायचं होतं. पण चाचणीच्या शेजारीच सगळ्यांना पाठवायचं बटण, आणि डोळ्यांत पाणी. कॉम्प्युटरनं विचारलं, खात्री आहे का?

"शंभर टक्के!" ताई मोठ्यानं म्हणाली आणि बोट आपटलं.

आता गंमत अशी की त्या चौकटीची एक सवय होती. पत्राच्या वर 'प्रिय' आणि पुढं ज्याचं त्याचं नाव ती आपणहून घालायची. झेरॉक्सवाल्यानंच तशी सोय केली होती, लोकांना आपलेपणा वाटतो म्हणून. त्यामुळे हे पत्र प्रत्येकाला स्वतःच्या नावानं गेलं. यादीतल्या प्रत्येक माणसाला वाटलं, लोकरवाल्या ताईंनी हे खास मलाच लिहिलंय. अख्ख्या गल्लीत ज्या एकीला लिहिलं होतं, तेवढी एकटी सोडून.

पहिलं उत्तर बँकेतल्या कॅशियरचं आलं. 'ताई, चुकलंच माझं. तुमच्या दारावरून जाते आणि शेजारी शिरते. उद्या नक्की येते.' ताईला काही अर्थबोध होईना. मग तिनं ते पान उघडलं, कुणी कुणी मेल उघडला ते बघायचं. सगळ्यांनी उघडला होता. पुन्हा पुन्हा उघडला होता. तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत आल्या, घाम पुसत म्हणाल्या, "अहो ताई, कुठला लाल स्वेटर? मी मागच्या थंडीत लोकर नेली होती ती निळी, आणि पैसे दिले होते हो, पावती आहे माझ्याकडे!" त्यांना समजावते आहे तोवर दातांच्या डॉक्टरांची बायको आली आणि दोन वर्षांपूर्वी उसन्या नेलेल्या सुया काउंटरवर ठेवून खाली मान घालून उभी राहिली. एक होऊ घातलेली आई फोनवर रडली. ती म्हणाली, माझी मोठी बहीण माझ्याशी बोलत नाही, का ते आज कळलं. आणि निवृत्त मास्तरांचं उत्तर आलं, शुद्ध लिहिलेलं: 'पत्र पोचले. आरोप मान्य आहेत, हल्ली मी आपल्याकडे फिरकलो नाही. मात्र मी पुरुष आहे, तेव्हा आलीस नव्हे, आलास. तू म्हटल्याबद्दल माफी मागू नये. पत्नी गेल्यापासून मला कुणी तू म्हटलेले नाही.'

ताईला लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं होतं. पण खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात ती उत्तरं मोजतही होती. चिमीला एका पत्राला इतकी उत्तरं आली असतील का? बदनामी होत असतानाही या बाईला बहिणीशी बरोबरी सुचत होती, आता हिला काय म्हणावं!

मग एकदम तिच्या लक्षात आलं, चिमी. तिनं यादी पाहिली. चिमी नव्हती, आपणच काढलेली. हुश्श झालं क्षणभर, पण क्षणभरच. कारण भिंतीपलीकडून आवाज येत होते. "ताईंनी काय झाडलंय हो आम्हाला! चोर म्हणाल्या!" कुणीतरी सांगत होतं, आणि चिमी तिच्या बारीक आवाजात हसत होती. मग कुणीतरी पत्र वाचून दाखवायला लागलं असावं, कारण हसणं थांबलं. लाल स्वेटर एवढे शब्द ताईला नीट ऐकू आले.

चिमी आली तेव्हा ताई उगाच लोकरीच्या लड्या रंगाप्रमाणे लावत होती. चिमीनं शटर वर ढकललं आणि काउंटरपाशी येऊन उभी राहिली.

"सगळ्यांना आलंय. मला नाही आलं," ती म्हणाली.

"ते गिऱ्हाइकांसाठी होतं."

"माझं नाव होतं ना यादीत? पहिलंच होतं."

"काढलं," ताई म्हणाली. लडी हातातून सुटली. "सारखी उघडून बघायचीस. पाळत ठेवायचीस माझ्यावर. मला दिसतं ते."

चिमीनं समोरच्या फडताळातून एक पांढरा गुंडा उचलला, किंमत पाहिली, पैसे काउंटरवर ठेवले. "झाले मी गिऱ्हाईक. आता घाल यादीत."

झेरॉक्सवाल्याचं शिकवणं इतकं अंगवळणी पडलं होतं की ताईच्या तोंडून आपोआप गेलं, "परवानगी आहे का?"

"आहे."

ताईनं नाव घातलं. टाळायचं म्हटलं असतं तर काहीही सांगता आलं असतं, कॉम्प्युटर बंद आहे, झेरॉक्सवाल्याला विचारते. पण ते पत्र एव्हाना सगळ्या गल्लीनं वाचलं होतं, आणि जिच्यासाठी लिहिलं ती समोर उभी होती. तिनं ते तेवढ्या एका नावाला पाठवलं. चिमीचा फोन वाजला. प्रिय चिमी, असं वर आलं असणार. त्या दिवसभरात पहिल्यांदा त्या पत्रावर बरोबर नाव पडलं.

चिमी उभ्यानंच वाचायला लागली. वाचताना ओठ हलवायची तिची सवय लहानपणापासूनची, ताईनंच तिला वाचायला शिकवलं होतं. ताईला ओठांवरून कळत होतं ती कुठल्या शब्दापाशी आहे. 'चोर' या शब्दापाशी ती थांबली. मग पुढं गेली. शेवटपर्यंत वाचून तिनं फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"मला माहीत नव्हतं तो तुझा होता," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. मला लहान झाल्यावर तुला मिळाला तो."

"मिळाला ते आठवतं. विणला कुणासाठी ते मला कुणी सांगितलंय का कधी?" चिमीचा आवाज आणखी बारीक झाला. "तू मागं दातांच्या डॉक्टरांच्या बायकोला सांगत होतीस. मी पलीकडे भिंतीला कान लावून बसले होते. आईनं लाल स्वेटर उसवला, शाल लपेटून थंडी काढली, पोरीसाठी. एवढं म्हणालीस आणि गुंडे करायचं यंत्र फिरवायला लागलीस. घरघर, घरघर. पुढचं काहीच कळलं नाही. पोरगी म्हणजे मी, असं मला वाटलं."

"पोरगी मी होते."

"आता कळलं ना ते."

काउंटरवरच्या त्या यंत्राकडे ताईचं लक्ष गेलं. लोखंडी, हातानं फिरवायचं, वडिलांच्या वेळचं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते फिरवत राहायची तिला सवयच होती.

"नेहमी असंच होतं," चिमी म्हणाली. "तू कुणालाही आईचं सांगतेस. सुया घ्यायला आलेल्यांना सांगतेस, बटण बदलायला आलेल्यांना सांगतेस. मला कधी सांगितलं नाहीस. मी पलीकडून अर्धंअर्धं ऐकते आणि उरलेलं मनानं जोडते. तुझे मेल सारखे उघडायचे ते त्यासाठीच. वाटायचं, 'लोकर उपलब्ध आहे'च्या खाली कधीतरी तू काहीतरी लिहिशील. भिंत काढूया म्हटलं तेही त्यासाठीच. तुला वाटलं दुकानासाठी." तिनं नाक ओढलं. "तुला आई मिळाली, ताई. मला तिचे स्वेटर मिळाले, तेही तुझे घालून झाल्यावर. आणि राग तुला येतो!"

आता हे ऐकून ताईला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याही आधी, अगदी निमिषभर, तिला गोड वाटलं. चिमी, सगळ्यांची लाडकी, शुक्रवारची चिमी, इतकी वर्षं भिंतीला कान लावून आपल्यावर जळत होती! आपल्याकडे जळण्यासारखं काही आहे हे ताईला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आणि ते गोड वाटणं संपलं तशी तिला स्वतःचीच शरम वाटली, कारण जे जळण्यासारखं होतं ते तिनं कुणाकुणाला फुकट वाटलं होतं आणि हिला तेवढं दिलं नव्हतं.

तिनं काउंटरखालचं स्टूल पायानं पुढं ढकललं. "बस."

चिमी बसली.

"अजून काय काय अर्धवट ऐकलंयस?"

"पुष्कळ आहे. आई नदीत पडली होती ते. वडिलांना मशीनच्या तेलाचा चहा दिला होता ते."

"नदीत आई नाही, आत्या पडली होती," ताई म्हणाली. "बघ, काय काय जोडून ठेवलंयस. एकेक सांगते. पण एक ऐक, शुक्रवारच्या पत्रात यातलं अक्षर घालायचं नाही. हे माझं आहे."

"नाही घालणार."

ताईनं गुंडे करायचं यंत्र उचलून खाली जमिनीवर ठेवलं आणि जरा विचार केला.

"घातलंस तर 'ताईचा स्वेटर' असं लिही," ती म्हणाली. "आणि उद्या सुताराला विचार, एवढं प्लायवूड काढायचे काय घेतो."